पलटणीतून आलेला कागद: वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

गेल्या अंकात आम्ही घरातल्या जुन्या लष्करी पत्रांबद्दल प्रश्न मागवले होते. आलेल्यांपैकी आठ इथे घेतले आहेत. टपालाचा इतिहास आणि जुन्या कागदांची निगा या दोन्ही विषयांच्या जाणकारांनी मिळून उत्तरे दिली आहेत.

पणजोबा ११० मराठा पलटणीत होते. त्यांची १९१५ सालची नऊ पत्रे ट्रंकेत सापडली. घरून गेलेले मात्र एकही नाही. घरचे लिहीतच नव्हते का? आणि डिसेंबरपासून पत्रे एकदम बंद का?
*वाचक, खेड (रत्नागिरी)*

लिहीत होते, आणि त्याचा पुरावा तुमच्या नऊ पत्रांतच असणार. ‘कागद पावला, मजकूर समजला’ अशा धाटणीचे वाक्य शोधा. त्यापुढे येते ते घरच्या पत्राचे उत्तर. एका वहीत चार रकाने आखा: पत्राची तारीख, घरचा कोणता कागद पोचल्याचा उल्लेख, त्याला दिलेले उत्तर, नवीन विचारणा. उत्तरावरून प्रश्न उलटा काढता येतो. ‘बैल विकू नये’ असे असेल तर घरून बैल विकण्याबद्दल विचारणा गेली होती. नऊ पत्रांतून हरवलेल्या चार-पाच पत्रांचा सांगाडा सहज उभा राहतो.

घरची पत्रे टिकत नाहीत याचे कारण साधे आहे. शिपायाचा कागद घरी ट्रंकेत पडतो, घरचा कागद शिपायाच्या पाठपिशवीत. मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) ती पिशवी पुरातून, चिखलातून, उन्हातून गेली आणि शेवटी बहुतेकदा माणसासकट हातची गेली.

डिसेंबरचे उत्तर तुमच्या पणजोबांच्या पलटणीतच आहे. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये होत्या. ही डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली आणि २९ एप्रिल १९१६ ला शरण गेली. त्या काळात टपाल आत जाण्याची वाट नव्हती. शरणागतीत गोरे आणि हिंदी मिळून सुमारे १३ हजार सैनिक कैदी झाले. पुढे त्यांतल्या अनेकांना आजच्या सीरियातल्या रास-अल-ऐनकडे आणि रेल्वेच्या कामावर नेले. तेव्हा डिसेंबरपासूनच्या गप्पपणाचा अर्थ मृत्यू असा लगेच लावू नका.

शोध दोन ठिकाणी घ्या. आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डे आणि याद्या इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. आणि कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर मृतांची नावे शोधता येतात. अनेक नोंदींत वडिलांचे नाव, गाव, तालुका, जिल्हाही असतो. फसगत होते ती स्पेलिंगमध्ये. सावंत, शिंदे, कदम अशी साधी आडनावेही कारकुनाने कानाला ऐकू आली तशी लिहिली आहेत, आणि कित्येक शिपायांच्या नावापुढे आडनावच नाही. म्हणून नावावरून न शोधता आधी पलटण निवडा, मग गाव ताडून पाहा. बसरा इथल्या स्मारकावर मुळात गोऱ्यांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. साध्या हिंदी शिपायांचा पलटणवार फक्त आकडा. त्यामुळे स्मारकाच्या फोटोत नाव दिसले नाही म्हणजे माणूस तिथे नव्हता असे होत नाही.

एक गोष्ट जाता जाता. पत्रांत पणजीचे नाव कुठेच नाही म्हणून नाराज होऊ नका. कागद वडिलांच्या किंवा थोरल्या भावाच्या नावाने यायचा, आणि तो चारचौघांत मोठ्याने वाचला जाणार हे लिहिणाऱ्याला माहीत असायचे. बायकोची चौकशी ‘घरची मंडळी’ किंवा ‘मुलांची आई’ या शब्दांत दडलेली असते. कधी तीही नसते, फक्त म्हैस व्याली का आणि धाकट्याचा खोकला गेला का एवढेच असते. ती चौकशी तिचीच आहे.

पाकिटावर चार-पाच शिक्के आहेत, गावाचे नाव एकही नाही. पत्र कुठून आले हे कसे ओळखायचे?
*वाचक, सातारा*

गावाचे नाव मुद्दामच नसते. पलटण कुठे आहे हे शत्रूला कळू नये म्हणून लष्करी टपाल कचेरीला फक्त नंबर असायचा. या क्रमाने पाहा.

आधी तारखेचा गोल शिक्का. त्यात ‘एफ.पी.ओ.’ आणि नंबर दिसेल: फील्ड पोस्ट ऑफिस, म्हणजे रणांगणावरचे टपाल घर. नंबरावरून जागा काढायची तर नंबर आणि तारीख दोन्ही हवेत, कारण हे टपाल घर ब्रिगेडबरोबर चालत असे. आज एका गावी, तीन महिन्यांनी दुसऱ्या देशात. नुसता नंबर पाहून ‘फ्रान्स’ म्हणून मोकळे होणे ही इथली नेहमीची चूक.

मग तिकीट असेल तर ते. १९१४ मध्ये हिंदी तिकिटांवर ‘आय.ई.एफ.’ ही अक्षरे छापून ती परदेशी गेलेल्या हिंदी फौजांसाठी काढली. तीन इंग्रजी अक्षरांत ‘सी.ई.एफ.’ असेल तर तो चीनच्या मोहिमेचा कागद, १९०० पासूनचा. पुष्कळ पाकिटांवर तिकीटच नसते, वरच्या कोपऱ्यात ‘ऑन अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ एवढे लिहिलेले असते.

मग पत्ता. हिंदी फौजांना अक्षरे होती: ‘ए’ फ्रान्स, ‘बी’ आणि ‘सी’ पूर्व आफ्रिका, ‘डी’ मेसोपोटेमिया, ‘ई’ आणि ‘एफ’ इजिप्त, ‘जी’ गॅलिपोली. दुसऱ्या महायुद्धात हीच सोय दुसऱ्या आद्याक्षरांनी झाली: ‘एम.ई.एफ.’ म्हणजे मध्यपूर्व, ‘सी.एम.एफ.’ म्हणजे मध्य भूमध्य, बहुधा इटली. ‘ए.बी.पी.ओ.’ आणि नंबर असेल तर पत्र आघाडीमागच्या मोठ्या टपाल तळावरून वाटले गेले आहे.

शेवटी सेन्सॉरचा, म्हणजे पत्रे तपासणाऱ्या लष्करी कचेरीचा, शिक्का. पहिल्या महायुद्धात त्याचा आकार मधूनमधून बदलला. आधी गोल, मग चौकोनी, मग त्रिकोणी. तारखेचा शिक्का पुसट असला तरी या आकारावरून काळाचा अंदाज येतो.

आणि एक विनंती. तिकीट काढून नातवाच्या अल्बममध्ये लावू नका. तिकिटाबरोबर शिक्क्याचा अर्धा भाग जातो आणि पाकीट मुके होते. पाकीट आणि आतला कागदही वेगळे करू नका. कोणते पत्र कोणत्या पाकिटातले हे एकदा विसरले की परत जुळवणे फार जड जाते.

पत्रावर ‘शके १८३७ माघ शुद्ध ५’ आहे. म्हणजे १९१५ ना?
*वाचक, कराड*

नाही, १९१६. चैत्रापासून इंग्रजी वर्ष संपेपर्यंत शकात ७८ मिळवायचे, १ जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. माघ जानेवारी-फेब्रुवारीत येतो, म्हणून १८३७ अधिक ७९. पौषात दोन्ही शक्यता असतात, तिथे जुने पंचांग काढून तिथी ताडूनच पाहावी. पत्रात संवत्सराचे नाव असेल तर पडताळा फुकट मिळतो: शके १८३६ आनंद, १८३७ राक्षस, १८३८ नल.

पलटणीतला लिहिणारा उत्तर हिंदुस्थानी असेल तर दोन खड्डे आहेत. वर्ष विक्रम संवतात असेल, त्यातून बहुतेक महिन्यांसाठी ५७ वजा करा. आणि त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, म्हणून त्यांचा वैशाख कृष्ण पक्ष हा आपला चैत्र वद्य. पत्र एक महिना उशिरा लिहिल्यासारखे वाटते ते यामुळे.

‘काळी मिरी, लाल मिरची’ या सांकेतिक भाषेबद्दल ऐकले होते. खरे की दंतकथा?
*वाचक, पुणे*

खरे आहे. फ्रान्समधून गेलेल्या पत्रांत काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई आणि लाल मिरची म्हणजे गोरे, असा वापर झाला. काळी मिरी सरत आली, असे लिहिले की घरच्यांनी काय ते समजायचे. गंमत अशी की सेन्सॉरलाही ते समजत होते. म्हणूनच आज आपल्याला माहीत आहे.

हिंदी फौजा २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेय बंदरात उतरल्या. राजद्रोही छापील मजकूर टपालातून फौजेत येतो अशी सरकारला धास्ती होती, म्हणून हिंदी टपालासाठी वेगळी सेन्सॉर कचेरी उघडली. तिचे प्रमुख कॅप्टन ई. बी. हॉवेल. १९१५ मध्ये फ्रान्सहून आठवड्याला दहा ते वीस हजार पत्रे निघत, आणि तपासणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी. सगळी वाचणे अशक्यच. काही पत्रे निवडून त्यांतले उतारे इंग्रजीत उतरवायचे आणि दर आठवड्याला अहवालासोबत पाठवायचे, अशी रीत बसली. बहुतेक पत्रे पुढे जाऊही दिली, कारण सरकारला पत्र अडवण्यापेक्षा शिपायाच्या मनात काय चालले आहे ते हवे होते. उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दप्तरात आहेत. घरून फौजेकडे गेलेल्या पत्रांचे उतारेही त्यांत आहेत. मूळ कागद नाहीसे झाले आणि परक्याने केलेली नक्कल तेवढी उरली.

मात्र त्यांत आपल्या माणसाचे पत्र सापडेल अशी मोठी आशा धरू नका. ते दप्तर मुख्यतः फ्रान्सचे आहे आणि तिथे पंजाबी, पठाण, गढवाली, राजपूत अधिक. मराठी शिपाई खडकीच्या सॅपर्समध्ये किंवा १०७ पायोनियर्समध्ये (खंदक, रस्ते, पूल अशी कामे करणाऱ्या पलटणींत) असेल तर शक्यता आहे. मराठा पलटणींचा मोठा भरणा मेसोपोटेमियात होता. ‘पूना हॉर्स’ या नावानेही फसू नये. ते रिसाले फ्रान्सला होते, पण स्वार मुख्यतः राजपूत आणि मुसलमान.

तुमच्या घरच्या पत्रात संकेत शोधायचा असेल तर विसंगती शोधा. ज्या घरी आंब्याचे झाड नाही तिथे आंब्याच्या मोहराची चौकशी आली, तर थांबा. बाकी प्रत्येक मिरचीत गुपित पाहू नये. लोक मिरचीबद्दलही लिहीत.

१९४२ च्या पत्राच्या मधोमध एक तुकडा नाही. उंदराने खाल्ला की कापला?
*वाचक, इस्लामपूर*

कडा भिंगाखाली पाहा. सरळ, स्वच्छ कड आणि काटकोनी कोपरे म्हणजे पाते. दातेरी, पसरट कड म्हणजे उंदीर. पापुद्रा सुटून कागद पातळ झालेला असेल तर कसर. कापलेला तुकडा एखाद्या शब्दावर किंवा ओळीवर नेमका बसतो, उंदीर शुद्धलेखन पाहत नाही. पाकिटाच्या कडेला तपासनिसाची चिकटपट्टी आणि तिच्यावर नंबर असेल तर शंका उरत नाही.

फौजेकडून येणाऱ्या पत्रांत जागेचे नाव, जहाजाचे नाव, पलटणीची हालचाल, मेलेल्या-जखमींचे आकडे यांवर पाते चाले. कापताना पाठच्या बाजूचा निरपराध मजकूरही जातो. म्हणून दोन्ही बाजू समोरासमोर ठेवून वाचा: एका बाजूचे वाक्य जिथे ‘आम्ही आता’वर तुटते, तीच बहुधा मूळ शिकार. घरून जाणाऱ्या पत्रांवरही नजर होती. मध्यपूर्वेतल्या लष्करी सेन्सॉरचे गोषवारे पाहिले तर धान्याचे भाव, घरची टंचाई आणि १९४३ चा बंगालचा दुष्काळ यांचा शिपायांच्या मनावर काय परिणाम होतो हे त्यांत टिपलेले दिसते. ४२ साली सातारा जिल्ह्यातून गेलेल्या कागदाकडे कुणी बारकाईने पाहिले असेल तर नवल नाही.

आजोबांचे १९४४ चे पत्र इंग्रजी अक्षरांत आहे, पण इंग्रजी नाही. दुसरे एक पत्र तळहाताएवढ्या फोटोच्या कागदावर आहे, अक्षर मुंगीएवढे. ही काय भानगड?
*वाचक, अहमदनगर*

पहिले मोठ्याने वाचून पाहा. ती रोमन उर्दू असणार. हिंदी फौजेची कामकाजाची भाषा रोमन लिपीतली सोपी हिंदुस्थानी होती, आणि पलटणीच्या शाळेत शिपाई पहिल्यांदा अक्षर गिरवायचा तेही तेच. डोळ्यांना अडते ते कानाला लगेच कळते. मराठी शिपायाच्या लेखणीत मधूनच मराठी शब्दही रोमन होऊन येतात, तिथे जरा थबकावे लागते.

दुसरे एअरग्राफ. मोठ्या छापील फॉर्मवर पत्र लिहायचे, त्याचा १६ मिलिमीटरच्या फिल्मवर फोटो घ्यायचा, फिल्म विमानाने पाठवायची आणि मुक्कामी सुमारे चार बाय पाच इंचांचा छाप काढून वाटायचा. १६०० साध्या पत्रांचे वजन ५० पौंड भरे, तेवढ्याच पत्रांची फिल्म ५ औंस. १९४१ च्या एप्रिलमध्ये कैरोहून ही सोय सुरू झाली, १९४५ च्या जुलैअखेर बंद झाली. पेन्सिलीने किंवा फिक्या शाईने बारीक लिहिले की फोटोत अक्षर उडायचे. तुमच्या छापात रिकाम्या ओळी असतील तर त्या सेन्सॉरच्या नव्हेत, फिक्या शाईच्या.

हा छाप म्हणजे फोटो आहे, कागद नव्हे. ओल्या बोटाने पुसला की इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा वरचा थर, उचलून येते. भिंगापेक्षा १२०० डीपीआयला स्कॅन करून पडद्यावर मोठे करून वाचणे बरे.

पत्रे घडीवर फाटली आहेत. लॅमिनेशन करावे का? तूर्त सेलोटेप लावली आहे.
*वाचक, चिपळूण*

लॅमिनेशन मुळीच नको. उष्णतेने वितळलेले प्लॅस्टिक कागदात मुरते, परत निघत नाही. सेलोटेपचा डिंक काही वर्षांत पिवळा पडून शाई ओढतो. लावलेली टेप घरी ओढून काढू नका, कागदाचा थर सोबत येतो. ते काम कागदसंवर्धकाचे. नवी तरी लावू नका.

घरी करण्यासारखे इतकेच. कोरड्या हातांनी, स्वच्छ टेबलावर घडी हळूहळू उलगडा. उघडत नसेल तर इस्त्री, वाफ, पाण्याचा फवारा काहीही नको. जांभळ्या रंगाची कॉपिंग पेन्सिल पाण्याच्या एका थेंबाने पसरते आणि पुढचा मजकूर कायमचा जातो. लष्करी पत्रांत ती फार. उलगडलेला कागद दोन आम्लरहित कागदांच्या मध्ये ठेवून वर हलके, सपाट वजन आठवडाभर ठेवा. मग ६०० डीपीआयला, रंगीत, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी ठेवून स्कॅन करा. कोरी पाठही सोडू नका, तिथे कुणी हिशेब लिहिलेला असतो. नंबर मूळ पत्रावर नव्हे, वेष्टनावर २बी पेन्सिलीने घाला. पीव्हीसीचे पारदर्शक फोल्डर आणि डांबरगोळ्या दोन्ही टाळा. कोकणात लोखंडी ट्रंक पावसाळ्यात आतून घाम धरते, तेव्हा पुठ्ठ्याची पेटी आणि भिंतीपासून दूरची फळी बरी.

मनिऑर्डरची कुपने टाकू नका. फील्ड पोस्टातून पैसे घरी यायचे आणि कुपनावर दोन ओळी लिहायला जागा असायची. साध्या शिपायाचा पगार पहिल्या महायुद्धात महिना ११ रुपये होता, हे लक्षात ठेवून कुपनावरचा आकडा वाचा.

आजोबा मलायात होते. फेब्रुवारी १९४२ नंतर १९४५ पर्यंत त्यांचे एकही पत्र नाही. घरात म्हणतात ते आझाद हिंद सेनेत होते. पत्रे नाहीत यावरून ते सिद्ध होते का?
*वाचक, कोल्हापूर*

होत नाही. १५ फेब्रुवारी १९४२ ला सिंगापूर पडले आणि तिथले हिंदी सैनिक जपान्यांच्या हाती गेले. आझाद हिंद सेनेत गेले त्यांची पत्रे नाहीत, तशीच गेले नाहीत त्यांचीही नाहीत. न गेलेल्यांपैकी पुष्कळांना न्यू गिनी, न्यू ब्रिटन अशा बेटांवर मजुरीला नेले. जपानकडच्या कैद्यांना घरून लिहायचे तर पुढे पत्राला २५ शब्दांची मर्यादा आली, तीही टाइप करून किंवा मोठ्या सुट्या अक्षरांत, आणि पोचण्याची खात्री नाही. याउलट जर्मनी-इटलीतल्या कैद्यांची कार्डे बऱ्यापैकी यायची. त्यांवर ‘क्रिग्सगेफांगेनेनपोस्ट’ (जर्मनमध्ये युद्धकैद्यांचे टपाल) किंवा इटालियनमध्ये ‘प्रिजोनिएरी दी ग्वेर्रा’ (युद्धकैदी) अशी अक्षरे दिसतात, आणि आंतरराष्ट्रीय करारानुसार कैद्याच्या टपालाला तिकीट लागत नसे.

पुरावा १९४५ नंतरच्या कागदांत शोधा. परतलेल्यांची चौकशी करून सरकारने पांढरे (एकनिष्ठ राहिलेले), करडे (डळमळीत) आणि काळे (आझाद हिंद सेनेचे पक्के) असे वर्ग पाडले होते. आजोबांचा डिस्चार्ज दाखला काढा: तारीख, कारण, बाकी पगार आणि पेन्शन मिळाले की जप्त झाले ते पाहा. मराठा पलटणीतले असतील तर बेळगावच्या, महार पलटणीतले असतील तर मध्य प्रदेशातल्या सागरच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहा. अर्जात नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि तुमचे नाते द्या. नंबर नसेल तर पदकाच्या कडेवर पाहा. पहिल्या महायुद्धाच्या पदकांवर तो कोरलेला असतोच. दुसऱ्याच्या हिंदी पदकांवरही पुष्कळदा सापडतो. पदक पितांबरीने घासून चकचकीत करण्याआधी पाहा, कारण कडेवरची अक्षरे घासून आधी जातात.